बिअरवरील कविता : एका शेऱ्याचा फेरविचार

ऑक्सफर्ड विद्यापीठात ब्रेझनोज नावाचे एक कॉलेज आहे. त्याची स्थापना १५०९ सालची. नावाचा अर्थ 'पितळी नाक' असा असून दारावरील एका जुन्या कडीवरून ते पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. काही विनोदी पंडित मात्र त्याची व्युत्पत्ती बिअर आंबवण्याच्या घराशी नेऊन भिडवतात. व्युत्पत्ती खोटी असली तरी तिच्यामागची भावना खोटी नाही. या कॉलेजात शतकानुशतके घरची बिअर तयार होत असे आणि ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासापूर्वीच्या मंगळवारी, म्हणजे आमच्या गोमंतकीय वाचकांस इंत्रुजचा अखेरचा दिवस म्हणून जो परिचित आहे त्या दिवशी, भोजनगृहात या बिअरची स्तुती करणारी पद्ये सादर होत. पद्ये रचीत विद्यार्थी. ती सादर होत बटलरच्या नावाने. सर्वांच्या हाती मसाले घातलेल्या बिअरचे पेले असत. पुढे एकोणिसाव्या शतकात या पद्यांचा संग्रहही छापला गेला.

ही पद्ये काव्य म्हणून फारशी उंचीची नाहीत, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. ती प्रासंगिक आहेत. त्यांतील थट्टा ज्यांनी केली आणि ज्यांची झाली त्या दोघांनाच ती पुरती कळावी. तरीही त्यांच्या इतिहासातील एक गोष्ट आम्हांस कित्येक दिवस अस्वस्थ करीत आहे. १८८० नंतरच्या दशकात कॉलेजने नव्या इमारतींसाठी आपले बिअरघर पाडले, आणि त्याबरोबर ही पद्येही थांबली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रथा पुन्हा सुरू झाली हे खरे. परंतु मध्यंतरी वीसएक वर्षे कोणी ओळ रचली नाही. आता, त्या काळात ऑक्सफर्डमध्ये बिअर काही दुर्मिळ झाली नव्हती. प्रत्येक रस्त्यावर ती मिळत होती. बिअर संपली नव्हती, घरची बिअर संपली होती. आणि तेवढ्याने कविता बंद पडली. याचा अर्थ असा की ती कविता पेयावर नव्हतीच.

ही गोष्ट अस्वस्थ करण्याचे कारण खाजगी आहे आणि ते पुढे येईलच.

मद्यावरील कविता जगात सर्वत्र आहे. आपल्याकडे ऋग्वेदाचे अख्खे नववे मंडल सोमरस गाळण्याच्या कर्मावर उभे आहे. त्याच ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणापुढे आपल्या अपराधाची कारणे मोजतो, तेव्हा क्रोध आणि द्यूत यांच्या पंगतीस सुरेलाही बसवतो. एकाच ग्रंथात एक पेय देव आणि दुसरे पाप! सुमेर देशात इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमारास लिहिले गेलेले निनकासी या बिअरदेवतेचे स्तोत्र उपलब्ध आहे. १९६४ साली मिगेल सिव्हिल या पंडिताने त्याचा अनुवाद सिद्ध केला. या स्तोत्रात उन्मादाचे वर्णन नाममात्र आहे. धान्य भिजवणे, त्याच्या भाकरी भाजणे, रस पसरून थंड करणे, तो घागरीत ओतणे, हीच त्यातील स्तुती. गाळलेली बिअर घागरीतून पडते ती तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांसारखी, असा शेवट आहे. पेयाची स्तुती करताना कवी करणाऱ्याच्या हाताकडे पाहतो. स्कॉटलंडच्या बर्न्सने १७८२ साली जुन्या लोकगीतावरून रचलेल्या 'जॉन बार्लीकॉर्न'मध्येही हेच आहे. तेथे यव हाच माणूस होतो. त्याला नांगराखाली पुरतात, तो उगवतो, त्याला कापतात, झोडपतात, पाण्यात बुडवतात, दगडांमध्ये भरडतात, आणि मग पितात. आपल्या जात्यावरील ओवीशी या गीताचे नाते गझलेपेक्षा जवळचे आहे, असे आमचे मत आहे. जात्यावर बसले की ओवी सुचते ही म्हण दळणाऱ्या बाईची आहे. अंगणात बसून दळण पाहणाऱ्यास ती सुचली नसती.

इंग्रजी कवितेत बिअरने आणखी एक गोष्ट केली. तिने एक घर निर्माण केले. 'पब' हा शब्द 'पब्लिक हाउस' याचा संक्षेप, सार्वजनिक घर! या शब्दाशेजारी आमचा 'गुत्ता' ठेवून पाहावा. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. गुत्तेदार म्हणजे मक्तेदार. सरकारने दारूच्या विक्रीचा ठेका दिला, आणि ठेक्याचेच नाव त्या जागेस चिकटले. इंग्रजाने जागेला तेथे बसणाऱ्यांवरून नाव दिले, आपण ते महसुलाच्या खात्यावरून दिले. ज्या जागेचे नावच सरकारी जमाखर्चातून आले तिच्यावर मराठीत प्रेमाची कविता का झाली नाही, याचे अर्धे उत्तर या एका शब्दात आहे. उरलेले अर्धे आपल्या दारिद्र्यात आणि गुत्त्यापायी उद्ध्वस्त झालेल्या संसारांत आहे, हे आम्ही विसरत नाही.

ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७७० सालच्या 'डेझर्टेड व्हिलेज' या काव्यात ओसाड पडलेल्या गावाचे वर्णन आहे. त्यातील मद्यगृहाचा भाग आम्ही अनेकदा वाचला. कवी तेथील पेयाबद्दल थोडके बोलतो आणि सामानाची यादी देतो: दारामागे टिकटिकणारे घड्याळ, दिवसा कपाट आणि रात्री बिछाना होणारी पेटी, फुटलेले परंतु शोभेसाठी मांडून ठेवलेले चहाचे पेले. दरिद्री माणसास तेथे तासभर महत्त्व मिळत असे, असे तो म्हणतो. गाव गेले तेव्हा हे महत्त्वही गेले. या ठिकाणी गोल्डस्मिथ नीतीचा उपदेश करीत नाही की पिण्याचे समर्थनही करीत नाही. तो फक्त मोजतो, आणि मोजता मोजता शोक करतो.

ऑक्सफर्डचाच थॉमस वॉर्टन, जो पुढे १७८५ साली राजकवी झाला, त्याने १७५० साली ऑक्सफर्डच्या बिअरची एक प्रशस्ती प्रसिद्ध केली. तिच्यात मिल्टनच्या गंभीर निर्यमक छंदात पेल्याचे वर्णन आहे. विनोद असा की भाषा स्वर्ग-नरकाची आणि विषय उधारीवर पिणाऱ्या विद्यार्थ्याचा. याच जातीचे विडंबन जॉन फिलिप्सने त्याच्या अर्धशतक आधी एका शिलिंगावर केले होते. विडंबन वाचताना हसू येते; पण दुसऱ्यांदा वाचताना हसू कमी येते, हा आमचा अनुभव आहे. चेस्टरटनचे मात्र उलट. १९१४ सालच्या त्याच्या 'फ्लाइंग इन' या कादंबरीत इंग्लंडात मद्यबंदी झाली आहे, आणि दोन इसम एक पिंप व मद्यगृहाची पाटी घेऊन देशभर पळत असतात. त्यांच्या तोंडची गाणी प्रथम केवळ ठेका वाटतात आणि पुन्हा वाचल्यावर त्यांतला कडवटपणा जाणवू लागतो. मद्याच्या बाजूने लिहिता लिहिता चेस्टरटन कोणाच्या ना कोणाच्या विरुद्ध लिहू लागतो: वाण्यांविरुद्ध, परकीयांविरुद्ध. सार्वजनिक घराचे दार असे लोटून घेतले की ते घर सार्वजनिक राहत नाही.

आता हाउसमनकडे वळतो. या कवीबद्दल आम्हांस पक्षपात आहे आणि त्याचे कारण लपवण्यात अर्थ नाही: ऑक्सफर्डच्या शेवटच्या परीक्षेत १८८१ साली नापास झाल्यावर हाउसमन लंडनच्या पेटंट कचेरीत कारकून झाला आणि १८८२ ते १८९२ अशी दहा वर्षे तेथे राहिला. दिवसा नोंदवह्या, आणि संध्याकाळी ब्रिटिश म्युझियममध्ये लॅटिन ग्रंथ. १८९२ साली त्यास लंडनमध्ये लॅटिनचे प्राध्यापकपद मिळाले. १८९६ साली 'श्रॉपशर लॅड' हा त्रेसष्ट कवितांचा संग्रह त्याने पदरच्या खर्चाने प्रसिद्ध केला. त्यातील बासष्टावी कविता बिअरवर आहे, निदान दिसते तरी तशी.

कवितेत एक मित्र टेरेन्स नावाच्या कवीस म्हणतो, तुझ्या कविता रडक्या आहेत, नाचता येईल असे काही ऐकव. टेरेन्स उत्तर देतो की नाचायचे असेल तर कवितेपेक्षा चांगली साधने आहेत. हॉपचे मळे लावले आहेत कशासाठी, ट्रेंट नदीकाठी बर्टन गाव बांधले कशासाठी? इंग्लंडचे सरदार सरस्वतीपेक्षा उत्साही पेय तयार करतात, असा टोमणाही तो मारतो. हा टोमणा नीट समजण्यास थोडा इतिहास लागतो. बर्टनचे कारखानदार ऑलसॉप आणि बास या दोन्ही घराण्यांस १८८६ साली सरदारक्या मिळाल्या होत्या. आणि या घराण्यांची भरभराट ज्या फिकट, कडवट बिअरमुळे झाली तिच्या नावात हिंदुस्थान आहे. लंडनच्या बो भागातील हॉजसनची बिअर कंपनीच्या जहाजांतून येथील गोऱ्या साहेबांकडे येत असे. १८२० नंतर बर्टनच्या लोकांनी ती बाजारपेठ काबीज केली, आणि बर्टनचे जिप्समयुक्त पाणी या कामास विशेष अनुकूल ठरले. तेव्हा हाउसमनच्या त्या टोमण्यात मुंबई-कलकत्त्याच्या कोठ्यांतील रिकाम्या बाटल्यांचाही आवाज आहे. इंग्रज टीकाकारांनी तो कितीसा ऐकला असेल, याची आम्हांस शंका आहे.

पण टेरेन्सचे उत्तर येथे संपत नाही. आपण लडलो येथील जत्रेस गेलो, पुष्कळ प्यालो, गळपट्टा कोठे हरवला कळले नाही, चिखलात सुखाने पडलो आणि जग उत्तम आहे असे वाटले, हे तो सांगतो. सकाळी उठून पाहतो तो आकाश तेच, जग तेच, आणि कपडे ओले! मग तो मिथ्रिडाटीस राजाची गोष्ट सांगतो. या राजाने रोज थोडे थोडे विष पचवले, म्हणून शत्रूंचे विष त्यास बाधले नाही आणि तो म्हातारा होऊन मेला. कविता हे तसे विष. बिअर जगाला क्षणभर बदलते. कविता जग बदलत नाही, माणसास त्या जगासाठी तयार करते. बिअरची एवढी मनमुराद स्तुती करून मग तिला असे सौम्यपणे खाली बसवणारी दुसरी कविता आमच्या वाचनात नाही. हाच हाउसमन १९३३ साली केंब्रिजच्या व्याख्यानात सांगतो की दुपारच्या जेवणाबरोबर एक पिंट बिअर घेऊन फिरावयास निघालो की कवितेच्या ओळी आपोआप मनात येत, कारण बिअर बुद्धीला गुंगवते. व्याख्यानात बिअर कवितेची दाई झाली आहे. कवितेत ती प्रतिस्पर्धी होती. आमचा कल कवितेकडे आहे.

मराठीत काय आहे? एका बाजूस गडकऱ्यांचे 'एकच प्याला'. त्याचा पहिला प्रयोग गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, बडोद्यास झाला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां लोकांस ही गोष्ट लक्षात ठेवण्यास आवडते. नाटक मद्याविरुद्ध आहे यात संशय नाही. तथापि तळीराम आणि त्याचे आर्य मदिरामंडळ यांच्या प्रवेशांत जी भाषेची मौज आहे ती लेखकाने बाहेरून पाहून लिहिलेली नाही. मद्यपी मंडळाचे ठराव, सूचना, अनुमोदने, हे सारे आपल्या सभासंस्थांचे असे हुबेहूब विडंबन आहे की कोणत्याही मंडळाच्या कार्यवाहाने ते वर्षातून एकदा वाचावे. दुसऱ्या बाजूस माधव जूलियन. त्यांनी १९२९ साली उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या आणि १९३१ साली 'द्राक्षकन्या' या नावाने फिट्झेराल्डच्या इंग्रजी रूपाचा अनुवाद केला. विद्वत्ता निःसंशय, छंदावरचे प्रभुत्वही तसेच. परंतु यानंतर मराठी कवितेत जो पेला आला तो कोणत्याही मराठी माणसाच्या हातात कधी नव्हता. साकी आली, सुरई आली, मैखाना आला. पेला कोणत्या धातूचा होता आणि बिल कोणी दिले हे मात्र कोणी सांगितले नाही. हिंदीत बच्चन यांच्या १९३५ सालच्या 'मधुशाले'नेही हाच मार्ग धरला, पण तेथे मधुशाला उघडपणे रूपक होते आणि हजारो श्रोत्यांच्या मुखी बसून ती एक प्रकारे खरी झाली. मराठीत ती ना रूपक झाली, ना जागा.

येथे आम्हांस आमच्या खाजगी कारणाकडे यावे लागते.

उत्तरेकडील ज्या शहरात आमची नेमणूक आहे तेथील एका मराठी मंडळाची गणेशोत्सवात काव्यस्पर्धा असते. विषय दिलेला असतो. विषय देऊन कविता मागवणे हे कृत्रिम आहे असा आक्षेप घेणारे आपली समस्यापूर्ती विसरतात; भोजराजाच्या कथांतील निम्मे कवी अशा स्पर्धांवर जगले. चीनमध्ये इसवी सन ३५३ साली वांग शी-चि आणि त्याचे मित्र ओढ्याकाठी बसले होते. पाण्यावरून तरंगत येणारा पेला ज्याच्यापुढे थांबेल त्याने कविता करावी, न जमल्यास प्यावे, असा त्यांचा नियम होता. (न जमलेलेही पुष्कळ निघाले. त्यांनी मुद्दाम जमवले नसावे, अशी शंका घेण्यास जागा आहे.) तर, दोन वर्षांपूर्वी मंडळाने 'संध्याकाळ' हा विषय दिला. आम्ही तिघे परीक्षक होतो. आलेल्या कवितांत अपेक्षेप्रमाणे तुळशीवृंदावने, सांजवात आणि गावाकडची गुरे यांची रेलचेल होती, आणि एक कविता बिअरवर होती.

ती एका बदलून आलेल्या तरुण सहकाऱ्याची होती, हे आम्हांस नंतर कळले. भाड्याची खोली, शनिवारची संध्याकाळ, निरनिराळ्या प्रांतांतून आलेले सहा कारकून, तीन बाटल्या. कवितेचा मोठा भाग पेल्यांच्या वर्णनात जातो. कोणाच्या हाती स्टीलचा पेला, कोणाच्या हाती लोणच्याची धुतलेली बरणी, एकाकडे दाढीचा मग. बरणीवाल्याच्या बिअरला मोहरीचा वास येतो आणि त्यास आपल्या आईची आठवण होते. हे कडवे आम्हांस आजही पाठ आहे, पण ते दुसऱ्याचे असल्याने त्याच्या परवानगीशिवाय येथे देत नाही. मग एकाच्या बदलीचा हुकूम येतो. पुढच्या शनिवारी बाटल्या तीनच, पेले पाच. प्रत्येकास थोडे अधिक मिळते आणि ते कोणी पुरे पीत नाही.

यानंतर कवीने घात केला. शेवटच्या कडव्यात एकाएकी साकी अवतरते. 'जीवन हा मैखाना' वगैरे सुरू होते. लोणच्याची बरणी हातात असताना या मनुष्यास सुरईची गरज का भासावी? बहुधा त्यास वाटले असेल की बरणी ही कवितेत येण्याजोगी वस्तू नव्हे, आणि अखेरीस काहीतरी प्रतिष्ठित म्हटले पाहिजे. त्यास असे वाटायला लावणारे आमच्यासारखेच परीक्षक होत.

कवितेचा हा दोष आम्हांस त्या वेळी दिसला काय? दिसला, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. आम्ही तिघांनीही कविता पहिल्या कडव्यानंतर बाजूस ठेवली. एका वडीलधाऱ्या परीक्षकांनी म्हटले की उत्सव गणपतीचा, सभेत आया-बहिणी बसतात, मंडळास वर्गणी देणारे काय म्हणतील. हा आक्षेप आम्ही अगदीच क्षुद्र मानीत नाही. गुत्त्याने ज्यांचे घर खाल्ले अशी माणसे त्या सभेतही असतील, आणि ती कविता मोठ्याने वाचताना कोणाच्या तरी डोळ्यांपुढे सहा पेले न येता एकच प्याला आला असता. परंतु तो प्रश्न सभेत काय वाचावे याचा होता. आमच्यापुढचा प्रश्न कविता कशी आहे हा होता, आणि त्याचे उत्तर आम्ही कविता न वाचताच दिले.

ब्रेझनोजमध्येच १८०० साली दाखल झालेला एक विद्यार्थी रेजिनाल्ड हेबर. भोजनगृहातील ती बिअरची पद्ये त्याच्या कानांवरून गेली असतील. पुढे तो कलकत्त्याचा बिशप झाला, १८२५ साली मुंबईस व पुण्याकडे येऊन कार्ल्याची लेणी पाहून गेला आणि दुसऱ्याच वर्षी त्रिचनापल्लीस वारला. १८०३ साली विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी त्याने 'पॅलेस्टाइन' ही कविता लिहिली, विषय अर्थातच नेमून दिलेला. वॉल्टर स्कॉट त्याच्या खोलीवर आला असता ही कविता वाचली गेली. स्कॉट म्हणाला, सॉलोमनचे मंदिर बांधताना हत्याराचा आवाज झाला नाही, ही गोष्ट तुमच्या कवितेत आलेली नाही. हेबर उठून कोपऱ्यात गेला आणि तेवढ्या ओळी लिहून परत आला. त्या कवितेस बक्षीस मिळाले. आज ती फारसे कोणी वाचीत नाही, आणि वाचलीच तर त्या नंतर घातलेल्या ओळी आठवतात. स्कॉटने विषयाबद्दल किंवा कवीच्या योग्यतेबद्दल चकार शब्द काढला नाही. काय राहिले तेवढे सांगितले.

त्या तरुणास आम्हीही सांगू शकलो असतो: साकी काढा, बरणी राहू द्या. एका वाक्याचे काम होते. तो आता ईशान्येकडे बदलून गेला आहे. त्याने कविता लिहिणे चालू ठेवले आहे की नाही, हे त्याच्या जुन्या खोलीतील सोबत्यांसही ठाऊक नाही.

या लेखासाठी कविता पुन्हा पाहावी म्हणून आम्ही मंडळाच्या कपाटात शोध घेतला. स्पर्धेचे कागद पाच वर्षे ठेवण्याचा नियम आमच्याच सूचनेवरून झालेला असल्याने ते नीट लावलेले होते. 'संध्याकाळ' या नस्तीत ती एकोणिसावी निघाली, दोन्ही बाजूंस लिहिलेला एकच कागद. वरच्या कोपऱ्यात तीन सह्या, आणि त्यांखाली आमच्या अक्षरात लाल शाईने दोन शब्द: 'विषय अनुचित'. त्या शेऱ्याखाली आम्ही आता आजची तारीख घालून दुसरा शेरा लिहिला आहे. तो पहिल्यापेक्षा लांब आहे. नियमाप्रमाणे अशा फेरशेऱ्यास उरलेल्या दोघा परीक्षकांची संमती लागते. ती मागितली आहे.